अळ्या आणायला कोल्हापूरला

कोल्हापूरला जाऊन आलो म्हटलं की माणसं आधी विचारतात, देवीचं दर्शन झालं का. मग विचारतात, रस्सा कुठं खाल्ला. मी दोन्हींना नाही म्हणतो आणि समोरच्याचं तोंड पडतं. मग गेला होतात तरी कशाला, असं कुणी उघड म्हणत नाही, पण चेहऱ्यावर दिसतं. मी अळ्या आणायला गेलो होतो. हे सांगितलं की लोक हसतात, आणि मी विषय बदलतो. आज बदलत नाही. एकदा लिहून टाकतो, म्हणजे सुटेन.

दोन हजार सालानंतरची ती तीन-चार वर्षं. मी लातूर जिल्ह्यात, औशाकडच्या आठ गावांचा कृषी सहायक होतो. कृषी सहायक म्हणजे सरकारी खात्यातला अगदी शेवटचा माणूस. वरून जो सल्ला येतो तो मोटारसायकलवर घेऊन बांधावर जायचं आणि शेतकऱ्याला सांगायचं. सल्ला चुकला तर शिव्या खायच्या, बरोबर निघाला तर साहेबांचा फोटो छापून येतो. तर त्या सुमाराला उसावर लोकरी मावा आला. पानाच्या खालच्या अंगाला पिंजलेला कापूस चिकटवल्यासारखे पांढरे किडे. ते रस शोषतात, वरून चिकट पाणी टपकतं, खालची पानं काजळी धरून काळी पडतात, आणि ऊस वाळत जातो. आमच्याकडं आधीच बोअर पाचशे फूट गेलेले. ज्याच्या विहिरीला थोडं पाणी त्यानंच ऊस लावलेला.

सुदामती अशांपैकी एक. नवरा पुण्याला गवंडीकामावर, हिनं एकटीनं तीस गुंठे ऊस पोटच्या पोरासारखा वाढवलेला. मावा दिसल्यावर तिनं दिराचा पंप मागून आणला होता, पाठीवर चढवायचीच बाकी. आणि नेमका मी त्या दिवशी गावात सभा घेतली. वरून नवा कागद आला होता: फवारू नका, औषधानं मावा मरतो आणि पुन्हा येतो, पण माव्याला खाणारी अळी असते ती कायमची मरते. ती अळी शेतात सोडा. मी हे सगळं जोरात सांगितलं. मला बोलायला आवडतं, हा माझा दोष. बाकीचे ऐकून उठून गेले. सुदामती मात्र तिथंच बसली.

"अन् ती अळी कुटं मिळती, सायेब?"

"मी आणतो," मी म्हणालो. "पंधरा दिवस थांबा."

"म्या थांबते. पण आणा बगा."

तिनं पंप दिराला परत दिला. मी डोळ्यांनी पाहिलं ते. कागदावर अळी कुठं मिळते हे लिहिलेलंच नव्हतं. प्रशिक्षणातल्या एका मित्राकडून कळलं की कागलच्या पुढं, सीमेच्या अंगाला, मल्लाप्पा नावाच्या शेतकऱ्यानं वीस गुंठ्यांत ही अळी राखून ठेवली आहे. मी त्याला कार्ड टाकलं. कार्ड खात्याच्या भाषेत लिहिलं, यायची तारीख आणि गाडी घातली आणि खाली ऑफिसचा शिक्का मारला. शिक्क्यानं वजन पडतं, असं मला वाटायचं.

कोल्हापूर स्टँड

रात्रभर एसटीत हाडं खिळखिळी झाली, त्याबद्दल काही सांगत नाही. सकाळी सातला स्टँडवर उतरलो तर एक पन्नाशीचा माणूस सरळ माझ्याकडं आला. पांढरी टोपी, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात सुती दोऱ्यात लिंगाची छोटी चांदीची डबी.

"लातूरचं पावणं न्हवं?"

"कसं ओळखलंत?"

"बॅग अशी पोटाशी धरून उतरणारा सरकारी माणूसच," तो म्हणाला आणि मोठ्यानं हसला. कोल्हापूरची माणसं हसतात तेव्हा चार माणसं वळून बघतात. हेच ते मल्लाप्पा. गाव त्यांना अण्णा म्हणतं, म्हणून मीही म्हणायला लागलो. पाहुणा परका आहे, वाट चुकेल, म्हणून ते पहाटेची पहिली गाडी पकडून मला घ्यायला आले होते. आमच्याकडं पाहुण्याला पत्ता सांगतात. फार तर फाट्यावर पोरगं उभं करतात.

"मटणाची आस धरून आला असशीला तर आमच्यात न्हाय मिळायचं," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "आमी लिंगायत. मिसळ मातूर घालतो."

मी मराठवाड्याचा, तिखटाचं मला काय सांगता, असं म्हणून मी कट मागून घेतला. तिसऱ्या घासाला नाक गळायला लागलं. अण्णांनी मुकाट्यानं पावाचा तुकडा पुढं सरकवला. ते हसले नाहीत याचं मला आजही बरं वाटतं.

खाता खाता मी कशाला आलोय ते सांगितलं, तशी त्यांनी अळीची गोष्ट सांगितली. दोन वर्षांमागं त्यांचा पंप नेमका मोसमात बिघडला. फडाच्या एका कोपऱ्याला फवारा मारायचा राहून गेला. महिन्याभरानं बघतात तर सगळ्या फडात मावा पुन्हा आलेला, आणि त्या राहिलेल्या कोपऱ्यात ऊस हिरवागार. पानं उलटली तर माव्याच्या कापसात जाळं करून बसलेल्या हिरवट-राखाडी अळ्या, बोटाच्या पेरापेक्षा लहान. पान कापून त्यांनी एका शेतकी कॉलेजात नेलं. तिथल्या म्हाताऱ्या मास्तरांनी सांगितलं, हिला मारू नका, ही तुमची आहे. तेव्हापासून अण्णांनी वीस गुंठे फवाऱ्याविना ठेवले. अळीचं पान कापायचं, माव्याच्या पानाला नेऊन टाचायचं, रोज. अळीला खायला मावा लागतो, म्हणून तो फड कायम थोडा पांढरा.

"गाव काय म्हणतं?"

"किडंवाला म्हनत्यात. म्हनूद्यात की." मग म्हणाले, "पर आता सरकारी माणूस परजिल्ह्यातनं माझं किडं न्यायला आलाय म्हटल्यावर कुनाची छाती हाय हसायची? आज तुमच्याम्होरं समद्यास्नी बोलावणार हाय मी. ऐकतील मग."

मी सुदामतीसाठी आलो होतो आणि हा माणूस माझ्यासाठी थांबला होता. त्यांनी मला चारशे पानं द्यायचं कबूल केलं. तीस गुंठ्यांना रगड झाली असती.

शाहूपुरी

एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात किडे न्यायचे म्हणून माझ्या साहेबांनी एक पत्र दिलं होतं. त्यावर इथल्या सल्ला केंद्राची सही हवी होती. केंद्र कुठलं ते लिहीत नाही. आमच्याकडचं केंद्रही असंच आहे. भिंतीवर उसाच्या रोगांचे तक्ते, ऊन लागून रंग गेलेले. प्रत्येक रोगाखाली औषधाचं नाव. मी उभ्या उभ्या सगळे वाचले. 'काही फवारू नका' असं एकाही रोगाखाली नव्हतं.

"सायब फिरतीवर गेल्यात," कारकून म्हणाला.

"कधी येतील?"

"फिरती झाली की."

बाकावर एक शेतकरी पिशवीत वांग्याचं रोगट रोप घेऊन बसला होता. पन्हाळ्याच्या अंगाहून आलेला, सकाळपासून. कारकून त्याला म्हणाला, कशाला बसलायस, समोरच्या दुकानात दाखव जा. तो उठला. आम्हालाही खोके आणि जाळीचं कापड घ्यायचं होतं, म्हणून आम्ही त्याच्या मागोमाग निघालो.

शाहूपुरीतलं ते दुकान बी-बियाणं, खतं आणि औषधांनी गच्च भरलेलं. दुकानदारानं रोप हातात धरलं, दोन सेकंद पाहिलं आणि दोन बाटल्या काढून ठेवल्या. चिठ्ठीवर प्रमाण लिहून दिलं. मग विचारलं, "पोरीचं जमलं का रं?" त्या माणसाचा चेहरा एकदम खुलला. जमलं म्हणाला. दुकानदारानं चहा सांगितला, आम्हालासुद्धा. इतक्या प्रेमानं माझ्या खात्यात मला कुणी कधी चहा पाजला नाही.

"ह्यो सल्ला कधी फिरतीवर जात न्हाय बगा," अण्णा बाहेर आल्यावर म्हणाले.

मला राग आला, पण कुणाचा ते सांगता येईना. सहीशिवायच आम्ही निघालो. दोन खोके, मच्छरदाणीचं कापड आणि एक स्टेपलर घेतला.

रस्ता

कागलच्या पुढं बस गेली आणि मी खिडकीला चिकटलो. पाणी! दूधगंगा काठोकाठ. दोन्ही बाजूंना ऊस, ऊस आणि ऊस, मध्ये कुठं तंबाखूचा तुकडा, परत ऊस. पाटाचं पाणी रस्त्यावर आलेलं आणि कुणाला त्याचं काही नाही. आमच्याकडं एवढ्या पाण्यासाठी दोन भाऊ कोर्टात गेले असते. मी अण्णांना म्हणालो, "तुमच्या इथं देवानं अंगणात नदी आणून ठेवली आहे." ते म्हणाले, "व्हय, पर नदीसंगट किडंबी दिलंय की." खरं सांगायचं तर मला हेवा वाटला. सुदामतीची विहीर डोळ्यांपुढं आली.

गावाच्या वेशीत उतरलो तर रस्ता झाडलेला. दोन्ही कडांना चुन्याची रेघ ओढलेली. दूध डेअरीच्या दारात माणसं उभी. "या पावणं, या या." म्हातारे हात जोडत होते.

"आयला, ह्ये कवा केलं?" अण्णा हरखले. "बघितलंसा? म्हटलं न्हवतं? गाव सुधारलं की."

त्यांच्या दारात त्यांची आई, अव्वा, गूळपाणी घेऊन उभी होती. घरात कन्नड आणि बाहेर मराठी, मधे उंबरा. अव्वा माझ्याशी दोन्हींची सरमिसळ करून बोलत होती. मी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि म्हणालो, "अण्णा, आधी फड दाखवा, चहा मागून." कारण पानं संध्याकाळपर्यंत कापून भरली तरच दुसऱ्या दिवशीची गाडी मिळणार होती.

फड

वास आधी आला. ज्यानं एकदा घेतलाय तो विसरत नाही. मी अण्णांकडं पाहिलं. ते म्हणाले, "शेजाऱ्यानं मारलं असंल." पण पावलं भराभर पडायला लागली.

फडाच्या कडेला सहा-सात माणसं पाटाच्या पाण्यात हातपाय धूत होती. सहा पंप ओळीनं बांधावर ठेवलेले. त्या माणसांतला एक धिप्पाड गडी पुढं आला, ओल्या हातांनीच नमस्कार करत. हा दादू, अण्णांचा बांधशेजारी. त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"अण्णा, पैरा फेडला बग आज! गेल्या साली माझा पाय मोडला तवा माझी लावण कुनी केली? तूच केलीस न्हवं? म्हटलं, अण्णाकडं सरकारी पावणं येनार, आन् ह्यो पांढराफटक फड दावायचा? गावाची लाज जातीया की! तू घरात न्हायस ह्ये बघून पहाटंच सुरू केलं. औशद बी आमीच वर्गणी काढून आनलं. एक पान सोडलं न्हाय."

पैरा म्हणजे कामाची परतफेड. तू माझ्या रानात राब, मी तुझ्या रानात राबतो. आमच्याकडंही होती ही रीत, आता राहिली नाही. इथं ती जिवंत आहे हे पाहून इतर कुठल्याही दिवशी मी डोळे भरून कौतुक केलं असतं.

अण्णा फडात शिरले, एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मी त्यांच्या मागं गेलो. पांढरा कापूस औषधानं भिजून चिखलासारखा झाला होता आणि त्यात अळ्या आखडून पडल्या होत्या. काही जाळ्याला लोंबत होत्या. एक अजून वळवळत होती. अण्णांनी ती तळहातावर घेतली, बोटानं पुसली, पाटाच्या पाण्याचा थेंब घातला. ती थांबली. मग ते तिथंच दोन सरींच्या मधे, चिखलात बसले.

बाहेर येऊन मीच सगळं सांगितलं. मघाशी म्हटलं ना, मला बोलायला आवडतं. त्या दिवशी मात्र चार वाक्यांत उरकलं.

"म्हंजे," दादू हळू म्हणाला, "आमी मारलं ते चांगलं किडं हुतं?"

"हो."

"अण्णा म्हनायचा, किडं पाळल्यात. आमास्नी वाटलं, गंमत करतोय. किडं कोन पाळतंय वो?" मग त्यानं खिशातून घडी घातलेलं कार्ड काढलं. माझंच. कार्ड उघडं असतं, त्यामुळं अण्णांच्या हाती पडण्याआधीच ते डेअरीत मोठ्यानं वाचलं गेलं होतं. दादूनं अण्णांकडून ते मागून घेतलं होतं, गावाला शिक्का दाखवायला. त्यानं ते अडखळत वाचलं: "'आपल्या प्रक्षेत्रास भेट देणेकामी निम्नस्वाक्षरीत येत आहे. तरी आपण समक्ष हजर राहावे.' आता ह्येचा अर्थ आमी काय घ्यायचा, पावणं? तपासणीच न्हवं? आजवर सायब बगायला यायचा म्हटलं की फड धुऊन पुसून ठेवलाय आमी. तुमच्याच लोकांनी शिकीवलं की. फवारा मारला की बक्षीस बी दिलंय." तो एकदम चिडला, आणि चिडता चिडता त्याचा आवाज फाटला. "अळ्या न्यायला येतोय, असं साधं ल्ह्यायला काय झालतं तुमास्नी?"

काय झालं होतं? काहीही झालं नव्हतं. मला साधं लिहायची लाज वाटली. चार शब्दांचं काम होतं. माझ्या आधीच्या माणसांनी तीस वर्षं गावोगाव हिंडून फवारा शिकवला, मीही शिकवला, आणि आमच्या सगळ्या सल्ल्यांपैकी तेवढा एकच सल्ला रानात रुजला होता. दुकानदाराला, कारकुनाला शिव्या देत मी इथवर आलो, आणि फड माझ्या कार्डानं मेला. मला त्या बांधावर ओरडून रडावंसं वाटलं. पाहुणा म्हणून गेलेला माणूस तसं करू शकत नाही.

संध्याकाळी अव्वानं ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. आमची भाकरी जाड असते, तिथली पातळ आणि मोठी, ताटाबाहेर जाते. अण्णा भिंतीकडं तोंड करून बसले होते. मी बोटानं दही कालवत राहिलो. "ऊटा माडप्पा," अव्वा म्हणाली, जेव रे बाबा. मग मराठीत म्हणाली, "तुजा काय दोस न्हाय." तेवढं ऐकून मी हातातला घास परत ताटात ठेवला.

दुसरा दिवस

सकाळी दादू त्याची एम-एटी स्कूटर घेऊन दारात हजर. डोळे सुजलेले. म्हणाला, "नदीकडंच्या रानात बगूया. कुटंतरी असतीलच की." अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं नाही, पण ते मागं बसले. मी कडेला कसाबसा टेकलो. तीन माणसं, दोन खोके आणि खडबडीत रस्ता. एका चढावर मी मागच्या मागं पडलो, ढोपर फुटलं. कुणी हसलं नाही. कोल्हापुरात माणूस गाडीवरून पडतो आणि कुणी हसत नाही, यावरून समजा.

आम्ही फड पालथे घातले. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर, उसाची पानं तोंडावर ओरखडे काढत. सगळीकडं फवारलेलं. जिथं विचारावं तिथं माणसं अभिमानानं सांगायची, "दोनदा मारलंय की!" काही ठिकाणी मावा परत आलेला होता, पांढरा, टवटवीत. अळी कुठंच नव्हती. दुपारपर्यंत मी देवाला नवस बोलायला लागलो होतो, आणि मी नवस बोलणारा माणूस नाही.

नदीच्या अगदी काठाला एक तुकडा होता. पुरानं वाट तुटल्यानं मालक दोन महिने तिकडं गेलाच नव्हता. आम्ही गुडघाभर चिखलातून गेलो. पहिली अळी दादूला दिसली.

"अण्णा! हाय! हाय की रं!" तो असा ओरडला की नदीपलीकडची माणसं थांबली. अण्णा धावत गेले, पान उलटलं, आणि कालपासून पहिल्यांदा दादूच्या खांद्यावर हात ठेवला. मग आम्ही तिघं वाकून पान न् पान पाहत राहिलो, ऊन उतरेपर्यंत. तुकडा लहान होता. अळ्या सापडल्या मोजून अकरा.

अकरा. मला चारशे पानं भरून हव्या होत्या.

घरी आलो. पानं ओल्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवली. खोका मधे आणि आम्ही भोवती बसलो. अण्णांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. फडात पुन्हा मावा येणारच होता. तेव्हा या अकरा तिथं सोडल्या तर कदाचित वर्षभरात वीस गुंठे परत उभे राहिले असते. कदाचित. माझ्या बाजूला सुदामती होती, दिराला पंप परत देताना पाहिलेली.

"ह्या अण्णांच्याच," मी म्हणालो. पण मी ते पुरेशा जोरानं म्हणालो नाही, हे मला म्हणतानाच कळलं.

अव्वा आतून बाहेर आली. "पावणा एवड्या लांबनं आलाय," ती अण्णांना म्हणाली, "रित्या हातानं धाडनार व्हय त्येला?" अण्णांनी खोका उचलला, जाळीचं कापड नीट ताणून बांधलं आणि माझ्या मांडीवर ठेवला.

मी तो घेतला. लिहायची लाज वाटते, पण घेतला.

परत

मी त्या खोक्याला तान्ह्या पोरासारखं जपलं. कंडक्टर टपावर टाका म्हणाला, त्याच्याशी भांडलो. दर थांब्याला फडकं भिजवलं. सांगलीपुढं हिरवं संपत गेलं, सोलापूरकडं ऊन लागायला लागलं, आणि बसचा पत्रा तापला. सोलापूर स्टँडवर खोका उघडला तेव्हा पानांच्या कडा वळल्या होत्या. दोन अळ्या हालत होत्या. औशाला उतरलो तेव्हा एकही नाही.

अकरा अळ्यांनी अण्णांच्या फडात काही उभं राहिलं असतं की नाही, मला माहीत नाही. माझ्या मांडीवर त्या जगणार नाहीत, हे मात्र कोल्हापूरच्या स्टँडवर मला माहीत होतं. शिकलेलाच आहे मी त्यात. तरी आणल्या, कारण रिकाम्या हातानं सुदामतीसमोर उभं राहायची माझी हिंमत नव्हती.

घरी न जाता मी आधी तिच्या रानात गेलो. तीस गुंठ्यांतला निम्मा ऊस काळा पडला होता. खालची पानं काजळीनं माखलेली, वरची पांढरी. पंधरा दिवसांपूर्वी हा मावा फक्त बांधाच्या दोन ओळींत होता. सुदामती मोटेच्या जुन्या दगडावर बसली होती. मला बघून उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आलाव का, सायेब? आनल्या?"

मी खोका उघडून दाखवला. ती बराच वेळ आत बघत राहिली. तिला वाटलं असावं की झोपल्यात. मग तिनं बोटानं एक ढकलून पाहिली.

मी तिला सगळं सांगितलं, कार्डासकट. ती चिडेल, शिव्या देईल, म्हणून मी थांबलो. दिल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते. ती फक्त म्हणाली, "बरं. मंग आता म्या काय करू? तुमी सांगा."

एवढं झाल्यावरही ती मलाच विचारत होती. मी उसाकडं पाहिलं. काळ्या पानांवरून चिकट पाणी टपकत होतं. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

"पंप आणा," मी म्हणालो. "फवारा मारून घ्या."

तिनं मान हलवली. विचारलं, "एका पंपाला किती टोपणं औषध टाकू?"

ते मला तोंडपाठ होतं. मी सांगितलं.